शोधनिबंधावरील नावांचा क्रम आणि श्रेयाचे मोजमाप

आकडेमोड:

आमच्या गटाचा जीवशास्त्रातला एक शोधनिबंध नियतकालिकाकडे पाठवायच्या बेतात आहे आणि लेखकांच्या नावांवरून घोडे अडले आहे. मूळ प्रश्नाची मांडणी आणि पहिला मसुदा एका सहकाऱ्याचा आहे. नमुने गोळा करून मोजमापे घेण्याचे काम ज्यांनी केले, त्या सहकारी मध्यंतरी गट सोडून गेल्या. डेटाची छाननी, विश्लेषणाचा प्रोग्राम आणि सगळे आलेख माझे आहेत. निधी प्रयोगशाळाप्रमुखांनी मिळवला आणि मार्गदर्शनही त्यांचेच होते. सध्याच्या यादीत याच क्रमाने माझे नाव तिसरे आहे आणि प्रयोगशाळाप्रमुखांचे शेवटचे, म्हणजे पाचवे. मधली चौथी जागा विभागप्रमुखांना दिली आहे. त्यांनी मसुदा अद्याप वाचलेलाही नाही, पण ‘तशी पद्धत आहे’ एवढेच कारण सांगितले जाते.

मी मूळचा संख्याशास्त्राचा असल्यामुळे या क्षेत्रातले संकेत मला नीट ठाऊक नाहीत. तिसऱ्या क्रमांकाला मूल्यमापनात नेमके किती वजन मिळते, आणि एक जास्तीचे नाव आल्याने बाकीच्यांचे श्रेय घटते का? गट सोडून गेलेल्या सहकाऱ्यांचे नाव काढावे असाही एक सूर आहे. तो कितपत योग्य आहे?

प्रयोगवही:

क्रमाच्या आधी यादीत कोण असावे हे ठरवावे लागते, आणि त्यासाठी जीववैद्यकीय क्षेत्रात सर्वाधिक वापरला जाणारा निकष वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा आहे. त्यात चार अटी आहेत आणि चारही पूर्ण व्हाव्या लागतात: संशोधनाची कल्पना वा आखणी, किंवा डेटा मिळवणे, त्याचे विश्लेषण वा अर्थ लावणे यांपैकी कशात तरी भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्यात आशयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या सुधारणा करणे, प्रसिद्ध होणाऱ्या अंतिम पाठाला संमती, आणि कामाच्या कोणत्याही भागाबद्दल शंका उपस्थित झाल्यास तिची तड लावण्याची जबाबदारी. ही चौथी अट २०१३ मध्ये जोडली गेली आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच आहे. २०२३ मध्ये मोठ्या नियतकालिकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना लेखक म्हणून नाकारले तेव्हा मुख्य आधार हाच होता, की यंत्राला जाब विचारता येत नाही. मसुदा न वाचलेल्या विभागप्रमुखांना जाब विचारला, तर तरी काय उत्तर मिळणार आहे?

या निकषानुसार निव्वळ निधी मिळवणे, गटावर सर्वसाधारण देखरेख ठेवणे किंवा पदावर असणे पुरेसे नाही. अशा मदतीची जागा ऋणनिर्देशात असते. तुमच्या प्रयोगशाळाप्रमुखांनी आखणीत प्रत्यक्ष भाग घेतला असेल आणि मसुद्यावर काम केले असेल, तर त्यांचे नाव रास्त आहे. विभागप्रमुखांचे मात्र तुम्ही सांगता त्यावरून कोणत्याच अटीत बसत नाही.

गट सोडून गेलेल्या सहकाऱ्यांबद्दल समितीच्या सूचना अगदी स्पष्ट आहेत. ज्यांनी पहिली अट पूर्ण केली आहे, त्यांना मसुदा तपासण्याची आणि अंतिम संमती देण्याची संधी मिळालीच पाहिजे. ती संधी न देता ‘तुमच्या अटी पूर्ण झाल्या नाहीत’ असे म्हणून नाव गाळण्यासाठी हे निकष केलेले नाहीत. डेटा मिळवणे पहिल्या अटीत येते. तेव्हा त्यांना मसुदा पाठवा, वाचायला पुरेसा वेळ द्या आणि त्यांचे उत्तर लेखी घ्या.

सूचीकार:

मोजमापाचे सांगतो, कारण माझे रोजचे काम तेच आहे. तिसऱ्या क्रमांकाचे वजन किती, याला एकच उत्तर नाही. कोण कोणत्या रीतीने मोजतो यावर ते अवलंबून आहे.

सर्वांत रूढ रीत म्हणजे पूर्ण गणना, ज्यात यादीतल्या प्रत्येकाच्या खात्यावर एक अख्खा निबंध जमा होतो. पाच लेखकांचा एक निबंध असा पाच निबंध होऊन बसतो. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांकही मूळ स्वरूपात असाच चालतो: किमान वीस वेळा उद्धृत झालेले वीस निबंध असले की निर्देशांक वीस, मग ते एकट्याने लिहिलेले असोत की पन्नास जणांनी मिळून. ही त्रुटी हिर्शलाही जाणवली असावी, कारण सहलेखकांची संख्या विचारात घेणारा सुधारित निर्देशांक त्याने २०१० मध्ये स्वतःच मांडला. मात्र संशोधकांची ओळख सांगताना आजही जुनाच आकडा पुढे केला जातो.

दुसरी रीत विभाजित गणनेची आहे, ज्यात एका निबंधाचे श्रेय एकच राहते आणि ते सर्वांत समान वाटले जाते. तिसरीत क्रमालाही किंमत असते. तिच्यातला सुसंवादी गणना म्हणून ओळखला जाणारा प्रकार पहिल्याला १, दुसऱ्याला १/२, तिसऱ्याला १/३ अशी वजने देतो आणि मग सर्वांची बेरीज १ होईल अशा बेताने ती कमी करतो. तुमच्याच यादीवर हे लावून पाहू. चौघे लेखक असतील तर वाटे अनुक्रमे ४८, २४, १६ आणि १२ टक्के पडतात. विभागप्रमुख चौथे आले आणि लेखक पाच झाले, की तुमचे १६ टक्के साधारण १४.६ वर येतात. समान विभाजनात तुमचे २५ टक्के २० होतात. पूर्ण गणनेत मात्र तुमच्या एकावर ओरखडाही उमटत नाही.

मानद नावांची प्रथा टिकून राहण्याचे एक मोठे कारण इथे आहे. पूर्ण गणनेत नाव घालणाऱ्याच्या खिशातून काहीच जात नाही आणि ज्याचे नाव घातले त्याला अख्खा निबंध मिळतो. असे दान कोणीही हसतमुखाने करील. जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एकट्याने लिहिलेल्या निबंधात सर्वत्र ‘आम्ही’ असे लिहिले होते, आणि तो पुन्हा टंकित करण्याचा त्रास वाचवण्यासाठी त्याने आपल्या मांजराला एफ. डी. सी. विलर्ड या नावाने सहलेखक केले. निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये रीतसर छापून आला. पूर्ण गणनेने मोजले तर त्या निबंधाचे श्रेय मालकाला आणि मांजराला सारखेच!

क्रमावर आधारलेले सूत्रही डोळे झाकून लावू नये. वर काढलेल्या पाच जणांच्या हिशेबात शेवटच्या नावाला जेमतेम ८.८ टक्के मिळतात, पण तुमच्या क्षेत्रात शेवटची जागा गटप्रमुखाची आणि मानाची समजली जाते. म्हणून काही सुधारित सूत्रे शेवटच्या लेखकाला पहिल्याच्या बरोबरीचे वजन देतात. तेच सूत्र कणभौतिकीत नेले तर हसे होईल. २०१५ मध्ये अॅटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर मिळून प्रसिद्ध केलेल्या निबंधाला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी प्रत्यक्ष निबंध संदर्भांसह ९ पानांत आटोपला होता आणि उरलेली पाने नावांनी व संस्थांनी भरली होती. तिथे तिसऱ्या नावाला विशेष किंमत देण्यात काय अर्थ आहे?

रेषाखंड:

सूचीकार यांनी सूत्रांच्या मर्यादा सांगितल्या, पण मी त्यापुढे जाऊन म्हणेन की क्रमातून वाटा काढण्याची कल्पनाच मुळात चुकीच्या पायावर उभी आहे. गणितात नावे वर्णानुक्रमे लावण्याचा प्रघात आहे आणि अर्थशास्त्रातही बऱ्याच अंशी तोच आहे. क्रमाने काहीही सांगायचे नाही असे तिथे ठरलेलेच असते, तरी वाचणारा त्यातून अर्थ काढतोच. अमेरिकेतल्या अर्थशास्त्र विभागांवर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की आडनावाचे आद्याक्षर वर्णमालेत जितके आधी, तितकी अग्रगण्य विभागांत कायमपद मिळण्याची शक्यता जास्त होती; जिथे वर्णानुक्रमाचा प्रघात नाही अशा मानसशास्त्रात तसे दिसले नाही. यावर उपाय म्हणून दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये क्रम सरळ चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि तसे दाखवणारे चिन्ह नावांमध्ये छापावे असे सुचवले.

क्रम मुका असला की श्रेयाचा अंदाज पूर्वग्रहावर चालतो, हा दुसरा धोका आहे. अर्थशास्त्रातल्याच २०२१ च्या एका अभ्यासानुसार सहलेखनाचा कायमपदासाठी पुरुषांना जेवढा उपयोग होतो तेवढा स्त्रियांना होत नाही, आणि सहलेखक पुरुष असतील तर ही तफावत विशेष जाणवते. एकटीने लिहिलेल्या निबंधाला मात्र पुरुषाइतकेच वजन मिळते. म्हणजे यादीवरून काम कोणाचे हे कळत नाही, तिथे वाचणारा आपल्या मनाने ठरवतो. तेव्हा आपली जागा तिसरी की दुसरी यावर भांडण्यापेक्षा कोणी काय केले हे शब्दांत छापून घेण्याचा आग्रह धरावा.

प्रयोगवही:

रेषाखंड म्हणतात तशी सोय आता बहुतेक मोठ्या प्रकाशकांकडे आहे. वैद्यकीय संपादक ड्रमंड रेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच सुचवले होते, की ‘लेखक’ ही कल्पना सोडून चित्रपटाच्या श्रेयनामावलीसारखी योगदानकर्त्यांची यादी द्यावी आणि संपूर्ण कामाची हमी घेणारे कोण हे वेगळे सांगावे. तेवढी मजल अजून गेलेली नाही. मात्र २०१४ पासून ‘क्रेडिट’ या नावाची चौदा भूमिकांची यादी रूढ होत गेली आणि २०२२ मध्ये तिला अमेरिकी राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तुमच्या नावापुढे त्यातल्या किमान चार भूमिका येतील: डेटाची निगा, औपचारिक विश्लेषण, सॉफ्टवेअर आणि दृश्यांकन. निधी मिळवणे आणि देखरेख याही स्वतंत्र भूमिका आहेत, त्यामुळे प्रयोगशाळाप्रमुखांचीही अडचण होत नाही.

विभागप्रमुखांचा विषय काढायचा असेल तर हे कोष्टक सर्वांसमोर ठेवून भरायला घ्या. त्यांच्या रकान्यात काय लिहायचे हा प्रश्न आपोआप उभा राहतो आणि तो कोणा एकाला विचारावा लागत नाही. अर्थात, या यादीवर फार विसंबूनही चालणार नाही. ती लेखक कोण हे ठरवत नाही, ठरलेल्यांनी काय केले एवढेच सांगते. भरतात ती लेखकच, आणि ज्याचा गटात शब्द चालतो त्याच्या नावापुढे भूमिकांची रांग लागलेली मी पाहिली आहे.

आकडेमोड:

सर्वांचा आभारी आहे. गट सोडून गेलेल्या सहकाऱ्यांना मसुदा पाठवला आहे आणि भूमिकांचे कोष्टक पुढच्या बैठकीत मांडतो. एक उपप्रश्न राहिला. पहिल्या लेखकाने आपणहून असे सुचवले आहे, की माझे नाव दुसरे घेऊन दोन्ही नावांवर तारांकन करावे आणि ‘दोघांचे योगदान समान’ अशी टीप द्यावी. त्याचा मोजमापात उपयोग होतो का?

सूचीकार:

माणूस वाचणार असेल तर होतो, यंत्र मोजणार असेल तर बहुधा होत नाही. उद्धरणे मोजणाऱ्या प्रणाली नावांचा क्रम घेतात, तारांकनाची टीप घेत नाहीत. आणि दुसऱ्यांच्या निबंधात मजकुरामध्ये तुमचा उल्लेख ‘अमुक आणि इतर’ असाच येईल. तुम्ही त्या ‘इतर’मध्ये असाल. युजीन गारफिल्ड यांच्या १९६० च्या दशकातल्या छापील उद्धरणसूचीतही उद्धृत लेखक म्हणून फक्त पहिलेच नाव असे, आणि तिची सावली अजून पुरती गेलेली नाही.

तरीही टीप जरूर घ्या, कारण नियुक्तीच्या अर्जासोबतच्या यादीत ती तुम्हाला शब्दशः देता येईल आणि सहलेखकाचे नाव आधी छापलेले असले तरी समान योगदान छापील पुराव्यानिशी दाखवता येईल. विश्लेषणाचा प्रोग्राम मात्र स्वतंत्र डीओआय क्रमांक (प्रकाशित साहित्याची कायमची डिजिटल ओळख) घेऊन ऑनलाइन संग्रहात ठेवा आणि निबंधाच्या संदर्भसूचीत तो रीतसर उद्धृत करा. तिथे पहिले नाव तुमचे असेल, आणि तो प्रोग्राम वापरणाऱ्यांना तुम्हाला थेट उद्धृत करता येईल. संशोधकाची स्वतंत्र ओळख पटवणारा ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक नसेल तर पाठवण्याआधी काढून घ्या, म्हणजे दोन्हींची नोंद एकाच खात्यावर पडेल. नावांचा क्रम बदलायचा असेल तर तोही आत्ताच बदला. निबंध एकदा नियतकालिकाच्या हाती गेला, की अशा बदलाला बहुतेक संपादक सर्व लेखकांची लेखी संमती आणि कारण मागतात.