बेळगावात सिम्फनी ऑर्केस्ट्रा जमेल का? अभंग, फिल्मी आणि मोझार्ट एकाच स्टेजवर

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी. मुलगी पाच वर्षं हिंदुस्थानी व्हायोलिन शिकतेय. मध्यंतरी तिला मुंबईला एनसीपीएत (नॅशनल सेंटर फॉर परफॉर्मिंग आर्ट्स) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकायला नेलं होतं, २००६ पासून चाललाय तो, आणि परत येताना अख्खा घाट तिचं एकच, बाबा आपल्याकडे असं का नाही. मी पण तेव्हापासून तोच विचार करतोय. व्हायोलिन शिकणारी पोरं आहेत, कॅम्पात चर्चची क्वायर आहे, मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडातून रिटायर झालेली माणसं आहेत, वरातीत क्लॅरिनेट-ट्रम्पेट वाजवणारे तर गल्लोगल्ली. पंधरा-वीस जण जमवून सुरुवात करावी म्हणतो. पण अभंग, फिल्मी आणि वेस्टर्न एकत्र केलं तर धड काहीच होणार नाही असं आमचे एक गुरुजी म्हणाले, ते मनाला लागलंय.

शहापूरचा रसिक:
गुरुजींचा मान राखून सांगतो, होतं. अमेरिकेतला बॉस्टन पॉप्स ऑर्केस्ट्रा १८८५ पासून हेच करतोय की, आणि तिथं वाजवणारे बहुतेक बॉस्टन सिम्फनीचेच, म्हणजे पक्के क्लासिकलवाले, तेच लोक हलकंफुलकं पण तेवढ्याच मन लावून वाजवतात. लांब कशाला, आपल्या म्हैसूरला पोलीस बँड कर्नाटक संगीत पण वाजवतो आणि इंग्लिश पण. फक्त नावाचं बघा. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोक गणपतीतला समजतात, दोन गायक आणि एक निवेदक शोधत बसतील.

खानापूर बँडवाला:
आमच्या घरात तीन पिढ्या बँड आहे म्हणून बोलतो. खरी अडचण पट्टीची. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट बी फ्लॅटचे असतात, आम्ही सी वाचला की कानाला बी फ्लॅट येतो, म्हणून आमचा कागद एक सूर वर लिहावा लागतो. तुमच्या मुलीच्या व्हायोलिनच्या तारा सा-प-सा-प अशा लावलेल्या असणार, वेस्टर्नवाले जी-डी-ए-ई लावतात, म्हणजे बोटंच बदलली. काळी एकमध्ये, म्हणजे सी शार्पमध्ये, गेलात तर व्हायोलिनवाल्यांना एकही तार मोकळी मिळायची नाही. पांढरी पाच, म्हणजे जी, धरा, व्हायोलिनला खालची तार सा होते, पुढची प, आणि आम्हाला तीन शार्प, म्हणजे अर्धा सूर चढवलेले स्वर, येतात, ते निभावतं. आणि एका ट्रम्पेटपुढं सहा व्हायोलिन ऐकू येत नाहीत, पितळ कमी ठेवा. आमची पोरं कानानं वाजवालेत, नोटेशन शिकवणारा कोणी द्या, दर रविवारी घेऊन येतो मी.

वडगावकर:
अँथनी गोन्साल्विस हे नाव लोकांना गाण्यामुळे माहितीये, पण गोव्यातल्या मजोर्ड्याच्या या खऱ्या व्हायोलिनवादकानं १९५८ ला मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात रागांवर लिहिलेलं संगीत मोठ्या ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं होतं, गायला लतादीदी आणि मन्ना डे. आपल्यापासून गोवा किती लांब, चोर्ला घाट उतरला की आलाच. तिथं नोटेशन वाचणारी माणसं अजून आहेत, बोलवा की. रागाखाली कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे अनेक सूर, मात्र भरमसाट घालू नका, चेलोनं (व्हायोलिनच्याच घरातलं मोठं, खर्जातलं वाद्य) सा-प धरून ठेवला तरी अभंग उभा राहतो. आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, घ्यायची तर सगळ्यांचा गज एकाच दिशेनं जायला पाहिजे, नाहीतर नुसता गोंधळ.

टिळकवाडीकर:
बँडवाले दादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मुलीनं आत्ताच तारा उतरवल्यात, जी-डी-ए-ई लावून बसलीये. येत्या रविवारी सकाळी दहाला आमच्या गच्चीवर या, पोरांना घेऊनच या. पत्ता मेसेज करतो.