रोझ बर्डना लोकांनी मतं देऊन घरी बसवलं, हा न्याय होता का?

पारिजातक:
परवाच्या चर्चेत 'रोखठोक' यांनी लिहिलं होतं: "आपल्याकडेही कॅलिफोर्नियासारखं हवं. तिथे १९८६ मध्ये रोझ बर्ड नावाच्या मुख्य न्यायाधीश बाईंना लोकांनी मतदानाने हाकललं, कारण त्या एकही फाशी कायम करत नव्हत्या. असा वचक बसला की न्यायाधीश आपोआप सरळ होतात." ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

मी १९८४ साली लग्न होऊन कॅलिफोर्नियात सनीवेलला आले. मतदानाचा हक्क नव्हता, पण टीव्ही होता. ८६च्या शरद ऋतूत रोज संध्याकाळी जाहिराती लागायच्या. खून झालेल्यांचे नातेवाईक समोर बसून बोलायचे, आणि शेवटी, न्यायाधीशाला पदावर ठेवायचं का या मतपत्रिकेवरच्या प्रश्नाला बर्डच्या नावापुढे 'नाही' म्हणा असं आवाहन. त्या वयात मलाही वाटलं होतं, काय दगडाच्या काळजाची बाई आहे! ती कोण होती हे पुढे अनेक वर्षांनी वाचलं.

जन्म १९३६, ॲरिझोनात टूसॉनजवळ. पाच वर्षांची असताना वडील गेले. आईने तीन मुलांना घेऊन न्यूयॉर्क गाठलं आणि कारखान्यात काम करून त्यांना वाढवलं. बर्कलीहून १९६५ला कायद्याची पदवी. सांता क्लारा काउंटीत गरिबांच्या बाजूने सरकारी खर्चाने लढणाऱ्या वकिलांत ही पहिली बाई. १९७५ला गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी मंत्रिमंडळात घेतलं, तिथेही पहिली बाई. शेतमजुरांना संघटनेचा आणि मतदानाने युनियन निवडण्याचा हक्क देणारा कायदा झाला तो त्याच वर्षी, आणि त्यामागे ती होती. १९७७ला थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश. त्या न्यायालयात त्याआधी एकही बाई बसलेली नव्हती.

आता कोणाच्या डोळ्यात खुपत होती ते बघा. मोठे मळेवाले आणि उद्योगवाले, यांचा राग फाशीवर नव्हता. पण 'बाई मजुरांच्या बाजूने निकाल देते' अशी जाहिरात केली असती तर मतं पडली नसती, म्हणून फाशी पुढे केली. 'लोकांनी हाकललं' म्हणणाऱ्यांनी पैसा कोणी ओतला तेही सांगावं.

आणि रोखठोक, रामशास्त्र्यांनी राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं तेव्हा शनिवारवाड्यासमोर हात वर करून मतं घेतली असती, तर काय निकाल लागला असता?

रोखठोक:
रामशास्त्री मध्ये आणू नका. ते सत्तेविरुद्ध उभे राहिले, खुन्याच्या बाजूने नव्हे. उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं.

१९७८ साली कॅलिफोर्नियाच्या लोकांनी स्वतः मतदान करून फाशीचा कायदा वाढवला. सुमारे ७१ टक्के मतं पडली. त्यानंतर त्या न्यायालयापुढे आलेल्या फाशीच्या साठाहून जास्त प्रकरणांपैकी एकातही बाईंना शिक्षा कायम करावीशी वाटली नाही. साठातल्या चाळीस रद्द केल्या असत्या तर मी गप्प बसलो असतो. सगळ्या? याला निवाडा म्हणत नाहीत. मन आधी ठरलेलं असतं आणि कारण नंतर शोधलं जातं.

आणि मळेवाल्यांचा पैसा म्हणता, तर त्याच मतपत्रिकेवर त्याच न्यायालयाचे न्यायाधीश स्टॅन्ली मॉस्क होते. पक्के उदारमतवादी, मनाने फाशीच्या विरोधात. पण कायद्यात बसेल तिथे त्यांनी शिक्षा कायम केल्या. लोकांनी त्यांना ठेवलं. बर्ड आणि त्यांच्याबरोबरचे न्यायाधीश रेनोसो आणि ग्रोडिन यांना काढलं. लोकांना फरक कळत होता. बर्डना 'नाही' म्हणणारे ६७ टक्के लोक मूर्ख नसतात.

जुना बार:
तेहतीस वर्षं फौजदारी वकिली केली, म्हणून दोन शब्द. 'सगळ्याच कशा रद्द केल्या' हा प्रश्न बाहेरच्याला पडतो. कायदा नवा आणि घाईत लिहिलेला असेल तर खालच्या कोर्टात एकच चूक प्रत्येक खटल्यात होते. ज्युरीला चुकीची सूचना दिली की ती पंचवीस खटल्यांत चुकीचीच असते. मग वर पंचवीसही पडतात.

१९८३चा कार्लोस निकाल घ्या. दरोड्यात खून झाला, पण मारण्याचा इरादा होता का, हे ज्युरीने ठरवल्याशिवाय फाशीचा दरवाजा उघडत नाही, असं न्यायालय म्हणालं. त्या एका निकालाने कित्येक शिक्षा पडल्या. त्या बहुमताने पडल्या, एकट्या बर्डबाईंच्या मताने नाही.

आपल्याकडे तर सेशन्सने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलातच येत नाही, आणि १९८० पासून 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' कसोटी आहे. इथेही वर गेल्यावर बहुतेक फाश्या टिकत नाहीत. मग आपल्या सगळ्या खंडपीठांना मतदानाला उभं करायचं का?

रोखठोक:
कार्लोसचं पुढे काय झालं ते सोडलंत, वकीलसाहेब. बर्डबाईंचं पद गेल्यावर वर्षभरात, १९८७लाच, तो निकाल अँडरसन खटल्यात त्याच न्यायालयाने मोडीत काढला. आणि तो लिहिला मॉस्क यांनीच. चूक होती म्हणूनच ना?

जुना बार:
मोडीत निघाला हे मान्य. पण पीठ बदललं की निकाल बदलतो, यावरून आधीचा चूक होता हे सिद्ध होत नाही. तीन न्यायाधीश लोकांनी काढल्यावर उरलेल्यांना त्याची आठवण नसेल, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. तुम्ही म्हणू शकत असाल तर म्हणा.

कृष्णाकाठ:
मी इथे फारसं लिहीत नाही. माझ्या मामांचा खून झाला, जमिनीच्या वादातून, भरदिवसा बांधावर. खालच्या कोर्टात जन्मठेप झाली. वर पंचनाम्यावरच्या सह्यांवरून आणि हत्यार जप्त केल्याच्या वेळेवरून आरोपी सुटले. सुटले त्या संध्याकाळी गावात फटाके वाजले. मामी तेव्हा चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली, भाजली, उतरवली, आणि मग परातीत पीठ तसंच ठेवून उठून आत गेली.

तुम्ही कायदा बोलताय. त्या जाहिरातीत बसलेल्या आयांना तुम्ही पैशाने आणलेलं म्हणताय. त्यांचं लेकरू गेलं होतं. त्यांना बोलायचा हक्क नव्हता का?

पारिजातक:
हक्क होता. आणि त्या आयांना पैशाने आणलं असं मी म्हटलेलं नाही, कृष्णाकाठ. त्यांचं दुःख खरं होतं, ते टीव्हीवर रोज दाखवायला पैसा दुसऱ्याचा होता, एवढंच म्हणते आहे. तुमच्या मामींबद्दल वाचून पुढचं लिहायला वेळ लागला.

पण एक खटला सांगते, कारण तो तेव्हा गाजला होता. रॉडनी अल्काला. बारा वर्षांच्या मुलीचा खून. १९८४ला न्यायालयाने शिक्षा रद्द केली, कारण त्याच्या जुन्या गुन्ह्यांची माहिती ज्युरीपुढे यायला नको होती तशी आली. लोक खवळले. १९८६ला पुन्हा खटला, पुन्हा फाशी. ती दुसरी शिक्षाही रद्द ठरली, आणि २००३ला केंद्रीय अपील न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं तेव्हा बर्डबाई या जगातही नव्हत्या. २०१०ला तिसऱ्यांदा खटला झाला आणि त्यात आणखी चार बायकांचे खूनही सिद्ध झाले. तो २०२१ला कैदेत असतानाच नैसर्गिक मरणाने मेला. मोकळा सुटून एक दिवसही बाहेर आला नाही. रद्द झाली म्हणजे सुटला, असं नसतं.

रोखठोक:
आणि त्या मुलीच्या आईने तीन वेळा तोच खटला ऐकला. तीन वेळा! हे लिहिताना तुमचा हात थांबला नाही का?

पारिजातक:
थांबला. म्हणूनच लिहिलं. चांगली बाजू तेवढी निवडून सांगायची असती तर हा खटला काढलाच नसता.

बांधावरून:
फाशीचं तुमचं चालू द्या. वर मजुरांचा उल्लेख आला म्हणून विचारतो. कॅलिफोर्नियात आखूड दांड्याच्या खुरप्यावर बंदी आली ती हिच्याच खात्याने आणली ना? आमच्याकडे एका कृषी मेळाव्यात कोणीतरी सांगितलं होतं.

पारिजातक:
हो, तीच. हातभर दांड्याची कुदळ, मजूर तिला 'एल कोर्तितो' म्हणत, म्हणजे आखुडली. सालिनासच्या बाजूला लेट्यूस विरळायला दिवसभर कमरेतून वाकून चालायचं. मालक म्हणायचे, आखूड दांड्याने काम नीट होतं. मजूर म्हणायचे, कोण ताठ उभा राहिला ते मुकादमाला लांबून दिसावं म्हणून दांडा आखूड. पाठी कायमच्या गेल्या लोकांच्या. १९७५च्या जानेवारीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने औद्योगिक सुरक्षा विभागाला फेरविचार करायला लावला, आणि त्याच वर्षी बंदी आली. तेव्हा ती न्यायाधीश नव्हती, मंत्री होती.

बांधावरून:
मग माझ्या आईच्या गुडघ्यांचं काय? बार्शी तालुक्यात चाळीस वर्षं खुरपलं तिने. ज्वारी, तूर, कांदा. उकिडवं बसून बेडकासारखं पुढे सरकायचं. आता संडासाला बसता येत नाही. खुरप्यावर आपल्याकडे कोणी बंदी आणली? कोणत्या न्यायाधीशाने खुरपं हातात धरून बघितलं?

भातखाचर:
खुरपं आणि ती कुदळ एक नव्हे. खुरपं बसून चालवायचं असतं, कुदळ वाकून. बंदी आणली तर कांद्याच्या वाफ्यात तण काढायचं कशाने? दाताने?

बांधावरून:
सायकल कोळपं आहे की! उभ्याने ढकलायचं. गावात दोघांकडे आहे, पण बायकांच्या हातात कोणी देत नाही. पुरुष चालवतो, त्याची मजुरी जास्त. बाई खुरप्यावर, तिची मजुरी निम्मी.

भातखाचर:
ओळीत पेरलेल्या पिकात चालतं ते. दाट वाफ्यात कोळपं घालून दाखवा, रोपंच उपटून येतील. मी स्वतः घालून बघितलंय, अर्धा वाफा गेला. शेतीत राहून बोलतोय, मेळाव्यात ऐकून नाही.

बांधावरून:
मीही बांधावरूनच बोलतोय, नाव वाचा. दाट वाफ्याचं खरं असेल, तिथे चालत नाही. पण तुरीत आणि कपाशीत चालतं ना? तिथेही बायका बसूनच का? याचं उत्तर द्या.

कृष्णाकाठ:
त्याला उत्तर नाही. माझी मामीही खुरपायलाच जाते अजून. मामा गेल्यावर रोजाने, ज्यांनी फटाके वाजवले त्यांच्या शेजारच्या रानात.

रोखठोक:
मूळ मुद्द्यावर या. मला न्यायाधीशांवर वचक का हवाय ते सांगतो. आमच्या वडिलांचा वाटणीचा दावा सव्वीस वर्षं चालला. मुद्देच निघायला नऊ वर्षं गेली. वडील दर तारखेला पांढरा सदरा घालून, डबा घेऊन एसटीने जायचे. न्यायाधीश रजेवर, नाहीतर बदली, नाहीतर समोरचा वकील आजारी. निकाल लागला तेव्हा वडील नव्हते. कोणाला जाब विचारायचा? त्या साहेबांचं नाव मतपत्रिकेवर असतं तर मी पहिला रांगेत उभा राहिलो असतो.

जुना बार:
तुमच्या वडिलांसारखे शेकडो पक्षकार मी व्हरांड्यात बघितले आणि त्यांना पुढची तारीख मीच सांगितली, म्हणून तुमचा राग मला कळतो. पण त्या मतपत्रिकेवर तुमच्या भाऊबंदांचंही मत असतं, आणि तालुक्यात त्यांची माणसं जास्त असतील तर? दावा उशिरा लागला हा एक रोग. न्यायाधीश मतं मोजून निकाल द्यायला लागला, तर तो दुसरा. पहिल्यावर हे औषध चालत नाही.

रोखठोक:
भाऊबंदांची माणसं जास्तच आहेत. ते खरंय.

तरी कोणाला तरी उत्तर द्यावं लागलं पाहिजे, हे मी सोडत नाही. तिथे निदान बारा वर्षांनी 'हो-नाही' विचारतात. आपल्याकडे न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात, आणि २०१५ला त्यात बदल करणारा कायदा त्यांनीच रद्द केला.

पारिजातक:
न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडणं मलाही पटत नाही. इथे तुमच्याशी सहमत आहे, आणि बर्डबाईंच्या बाबतीतही एक मान्य करते. साठाहून जास्त प्रकरणांत एकदाही दुसरीकडे न झुकणं मला पूर्णपणे समजावता येत नाही. वकीलसाहेबांचं कारण बऱ्याच खटल्यांना लागू पडतं, सगळ्यांना पडतं का, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण तिला काढून मिळालं काय? तेव्हाचे गव्हर्नर डॉकमेजियन यांनी नवे न्यायाधीश नेमले, माल्कम लुकास मुख्य झाले, शिक्षा धडाधड कायम व्हायला लागल्या. तरी पहिली फाशी झाली १९९२ला, आणि १९७८च्या त्या कायद्यानंतर आजवर एकूण तेरा. २००६नंतर एकही नाही. २०१९ला गव्हर्नरांनी थांबवल्याच. त्या आयांना जे सांगून मत मागितलं होतं, ते कोणी दिलं नाही.

पद गेल्यावर बर्डबाई पालो आल्टोत आईजवळ राहिल्या. कर्करोग १९७६ पासून मागे लागला होता, त्यातच १९९९ला गेल्या, त्रेसष्टाव्या वर्षी. त्या मधल्या वर्षांत ईस्ट पालो आल्टोतल्या गरिबांसाठीच्या कायदा केंद्रात त्या मदतनीस म्हणून गेल्या आणि झेरॉक्स काढायचं काम करत होत्या. आपण कोण ते सांगितलं नव्हतं. तिथल्या तरुण वकिलांना कळायला वेळ लागला.

कृष्णाकाठ:
ज्यांना मत दिलं नसतं अशा बाईंबद्दल हे वाचून वाईट वाटलं. मत तरीही दिलं नसतं.

बांधावरून:
भातखाचर, तुरीचं उत्तर राहिलं आहे.

भातखाचर:
तुरीत चालतं. बायकांना द्यायला हवं. आमच्याकडचं एक पडून आहे, उद्या बाहेर काढतो.