बॉयकॉट : आडनावाचं क्रियापद कसं झालं?

बॉयकॉट म्हटलं की क्रिकेटवाल्यांना जेफ्री बॉयकॉट आठवतो. इंग्रजीतला शब्द मात्र कॅप्टन चार्ल्स बॉयकॉटवरून आला. हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. पीक बुडालं म्हणून कुळांनी खंडात सूट मागितली. ती पुरेशी मिळाली नाही, उलट सप्टेंबर १८८० मध्ये जमिनी सोडायच्या नोटिसा निघाल्या. त्याच महिन्यात आयरिश नेता पार्नेलने एनिस गावच्या सभेत सांगितलं होतं की, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो कसायला घेईल त्याला मारू नका. रस्त्यात, दुकानात, बाजारात, अगदी देवळातही एकटं पाडा. मेयोकरांनी हा उपाय थेट कारभाऱ्यावरच केला. शेतावरचे मजूर निघून गेले, दुकानदार सामान देईनात. शेवटी उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातून पन्नासेक मजूर आणून, सैन्याच्या पहाऱ्यात पीक काढावं लागलं.

शब्द कसा सुचला त्याचीही हकिगत आहे. ऑस्ट्रसिझम (समाजातून बाहेर टाकणं) हा जड शब्द गावकऱ्यांच्या तोंडी बसणार नाही, म्हणून ओमॅली नावाच्या पाद्र्याने सरळ ‘बॉयकॉट करणं’ सुचवलं, असं रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने लिहून ठेवलंय. नोव्हेंबरपर्यंत तो वर्तमानपत्रांत रुळलाही. पुढे फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांनीही तो उचलला.

आता मराठीचं. १९०५ च्या वंगभंगानंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशीच्या जोडीला ‘बहिष्कार’ होता, तो याच अर्थाने. पण आपल्याकडे या शब्दाला दुसरा, फार जुना आणि कडू अर्थ आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढलं, तिथे बहिष्कृत म्हणजे व्यवस्थेने बाहेर ठेवलेला माणूस. मेयोत कुळांनी कारभाऱ्याला एकटं पाडलं. आपल्या गावांत जातपंचायत एखाद्या कुटुंबाचा रोटीबेटी व्यवहार बंद करते, तेव्हा जोर उलट्या दिशेने लागतो. त्याला ‘वाळीत टाकणं’ हाच नेमका शब्द. महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा करून तो गुन्हा ठरवला. बातम्यांत या प्रकाराला नुसतं ‘बॉयकॉट’ म्हटलेलं मला अजिबात पटत नाही. त्यात पीडित कोण आणि दांडगाई कुणाची हेच पुसलं जातं.

वापराचं एक : इंग्रजीत बॉयकॉटला थेट कर्म लागतं, मराठीत ‘वर’ हवा. मालावर, परीक्षेवर, मतदानावर बहिष्कार टाकतात किंवा घालतात. ‘मालाला बहिष्कार करा’ हे मराठी नव्हे.