घर हवाबंद केलं, आता पहाटे डोकं जड होतं

प्रश्न

सात महिन्यांपूर्वी नव्या घरात आलो. भिंतींना उष्णतारोधक थर, दुहेरी काचेच्या खिडक्या, चौकटींना रबरी पट्ट्या. विजेचं बिल खरंच उतरलं, धूळ थांबली. पण सकाळी उठलं की माझं डोकं जड असतं. मुलीच्या खोलीत नवं कपाट आहे, ते उघडलं की अजून वास येतो आणि तिचे डोळे चुरचुरतात.

कार्बन डायऑक्साइडचा मीटर आणला. आमच्या खोलीत रात्री दहाला ६५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग), पहाटे पाचला २३००! एसी चालू, प्युरिफायर चालू, त्याचा दिवा हिरवागार. मग हवा बिघडते कशी? आणि खिडकी उघडीच ठेवायची तर एवढा खटाटोप कशासाठी केला?

प्रतिसाद १

ताई, तो हिरवा दिवा फक्त धुळीबद्दल सांगतो. प्युरिफायरमधला हेपा फिल्टर, म्हणजे बारीक कण गाळणारी दाट जाळी, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण कार्बन डायऑक्साइड त्यातून सरळ पार जातो. स्प्लिट एसीही खोलीतलीच हवा फिरवत राहतो.

हिशेब करून पाहा. झोपलेली दोन मोठी माणसं मिळून तासाला साधारण २५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे २८,००० लिटर हवा मावते. हवा अजिबात बदलली नाही तर तासाला जवळपास ९०० पीपीएमची भर पडेल. तुमचा आकडा सात तासांत २३००पर्यंतच गेला, म्हणजे दाराखालून थोडी हवा येते आहे. बाहेर हा आकडा ४२०च्या आसपास असतो. खोलीत १०००च्या खाली ठेवावा, हे जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८मध्येच सांगून ठेवलंय.

मीटर एनडीआयआर सेन्सरचा, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी थेट कार्बन डायऑक्साइडच मोजणारा आहे ना? काही स्वस्त मीटर दुसऱ्याच वायूंवरून अंदाज बांधतात.

प्रतिसाद २

खटाटोप वाया गेलेला नाही. फटींतून येणारी हवा वाऱ्याच्या मर्जीने येते. वारा सुटला की नको तेवढी, शांत रात्री जवळजवळ नाहीच. आता ती कुठून, किती आणि गाळून घ्यायची हे तुमच्या हातात आहे.

आम्ही ईआरव्ही (एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर, म्हणजे ताजी हवा आत आणि शिळी बाहेर नेणारं यंत्र) बसवलं. त्यात आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा एकमेकींत न मिसळता शेजारून जातात, त्यामुळे खोलीतला गारवा किंवा ऊब बरीचशी घरातच राहते. आमची चूक सांगते: हवा आत घेणारं तोंड गाड्या लावतो तिथे काढलं होतं. गाडी सुरू केली की धुराचा वास थेट बेडरूममध्ये! शेवटी तोंड हलवावं लागलं. फिल्टरही वेळेवर साफ करा.

नुसता मोठा एक्झॉस्ट मात्र लावू नका. बंदिस्त घरात तो हवा ओढणार कुठून? न्हाणीघरातल्या मोरीच्या ट्रॅपचं (गटाराचा वास अडवणाऱ्या वाकड्या नळीतलं) पाणी सुकलं असेल तर गटाराचा वास आत येतो.

प्रतिसाद ३

कपाट एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा-तुकडे गोंदाने दाबून केलेल्या फळ्यांचं आहे का? त्यातल्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड हा डोळ्यांना झोंबणारा वायू सुटतो, उष्णतेत आणि दमट हवेत जास्तच. कापलेल्या उघड्या कडा सील करून घ्या, दिवसा खोली मोकळी ठेवा. आणि मुलीचे डोळे डॉक्टरांना दाखवाच.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मीटर एनडीआयआरच आहे. मुलीला आमच्या खोलीत घेतलं तर पहाटे आकडा २९००! काल खोलीचं दार सताड उघडं ठेवलं आणि हॉलची खिडकी चार बोटं. आज पहाटे ९४०, आणि डोकं हलकं. कपाटाच्या मागच्या कडा उघड्याच निघाल्या, सुताराला रविवारी बोलावलंय. ईआरव्हीचं तोंड कुठे काढायचं ते आता घराभोवती फिरून बघते.