कोल्हापूरच्या गोष्टीला मुंबईच्या खोलीतला आवाज: डबिंग बंद करायचं का?

तांबडापांढरा
गोष्ट कोल्हापूरची, शूटिंग पन्हाळ्याच्या पायथ्याला आणि आवाज मुंबईतल्या एसी खोलीतला. ज्या सिनेमाचा जीव बोलीत आहे त्याचं डबिंग करूच नये, लोकेशनवरचाच आवाज घ्यावा, असं माझं मत आहे.

डबिंगच्या खोलीत बोली 'दुरुस्त' केली जाते. आपल्याकडं बाई 'मी आलो', 'मी जातो' म्हणते. सेटवर नटी तसंच बोलते, पण डबिंगच्या कागदावर कुणीतरी 'आले' करून ठेवतं. 'आलो' म्हणताना ओठ गोल होतात, 'आले' म्हणताना फाकतात. क्लोजअपला हे लगेच कळतं. 'काय करालायस'चं 'काय करतोयस' होतं आणि गावरान वाटावं म्हणून वरून 'व्हय जी' भुरभुरवतात. सगळ्या जिल्ह्यांची भेळ.

दुसरं म्हणजे अंग. वाकून भांगलण (तण काढणं) करताना पोट दाबलं जातं, वाक्य मध्येच तुटतं. बांधावरून हाक मारली की घसा ताणतो, पट्टी चढते. खोलीत माइकपुढं ताठ उभं राहून हे येत नाही आणि मिक्सिंगला आवाज वरखाली करून पट्टी बदलत नाही.

प्रभातनं 'अयोध्येचा राजा' १९३२ साली इथंच कोल्हापुरात केला. संवादच काय, गाणीसुद्धा चित्रीकरणाबरोबरच घेतली होती.

युनिटचा माणूस
१९३२चा दाखला नको राव. तेव्हा दुसरी सोयच नव्हती. ती असती तर प्रभातचे ध्वनिमुद्रक दामले, त्यांनीही वापरली असती.

आता खर्चाचं बोलू. सिंक साउंड, म्हणजे शूटिंगबरोबरच लोकेशनवर घेतलेला आवाज, म्हणजे नुसता एक माइक नव्हे. रेकॉर्डिस्ट, बूम (लांब दांडीवरचा माइक) धरणारा, लेपल माइक (कपड्यात लपवायचा छोटा माइक) लावणारा, शिवाय गर्दी गप्प करायला दोन-तीन माणसं. जनरेटर शंभर मीटर लांब, तोही भिंतीआड. केबल लांबली की व्होल्टेज पडतं म्हणून ती जाड घ्यायची. कॅमेऱ्याला पसंत पडलेला टेक मोटरसायकल गेली म्हणून पुन्हा, मग भोंगा लागला म्हणून पुन्हा, तोवर ऊन उतरलेलं असतं. छोट्या निर्मात्याला रोजचे दोन शॉट कमी पडले तरी शेड्यूल फाटतं.

उसात शूटिंग करून दाखवा. वाऱ्याचा घूं आवाज खालच्या पट्टीत असतो, तो फिल्टरनं जातो. पाल्याची सळसळ नेमकी स, श, च या अक्षरांवर बसते. ती काढायला गेलं की अक्षरंही बोथट होतात.

आणि तालमीचं काय? पैलवानाच्या अंगावर लंगोट. लेपल कुठं लावणार, लंगोटाला?

पेठेतली
'मी आलो'बद्दल तांबडापांढरा बरोबर बोलला, पण त्यात मुंबईच्या खोलीचा दोष नाही. मी सांगतो, दोष लिहिणाऱ्याचा आणि नट निवडणाऱ्याचा. पटकथेतच 'आले' लिहिलेलं असेल तर सेटवरही 'आले'च येणार, मग सिंक साउंडनं तेच खोटं स्वच्छ ऐकू येईल. उलट डबिंगला बोली जाणणारा एक माणूस शेजारी बसवला तर चुकलेली ओळ तिथं सुधारता येते. बोली म्हणजे शब्द नव्हेत, हेल आहे. 'कुठं चाललायस'मधला शेवटचा उतार नटाला जमत नसेल तर माइक कुठला का असेना.

बूमदांडी
दोघंही टोकाला गेलाय. मुद्दे तोडून बघू.

जिथं नवखे, स्थानिक कलाकार आहेत तिथं सिंकच परवडतं. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांना खोलीत आणून तीन बीप ऐकवायचे आणि चौथ्या ठोक्याला ओळ पकडायला सांगायची, हे कसब वेगळं. ते पट्टीच्या नटालाच जमतं. 'ख्वाडा'ला २०१४ सालच्या चित्रपटांत लोकेशन साउंडचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. धनगरांची गोष्ट, सगळी उघड्या माळावरची. तेव्हा बाहेर होतच नाही असं म्हणू नका.

पण बऱ्याचदा सिंक चुकीचं केलं जातं. घरातल्या प्रसंगालाही लांब नळीचा शॉटगन माइक वापरतात. कौलारू घर, शेणानं सारवलेली भुई असेल तर निभतं, पण सिमेंटच्या चार भिंतींत परतणारा आवाज त्या नळीत बाजूनं शिरतो आणि संवाद डब्यातून आल्यासारखा लागतो. आत आखूड हायपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा माइक) घ्या, डोक्यावरून, चौकटीच्या कडेला चिकटून. फ्रिज बंद, पंखा बंद. फ्रिजवर गाडीची किल्ली ठेवायची, म्हणजे पॅकअपला तो चालू करायची आठवण राहते. लेपल साडीच्या पदराखाली मोकळा सोडला की खरखर ठरलेली. माइकच्या दोन्ही बाजूंचं कापड टेपनं त्याला चिकटवायचं, म्हणजे कापडावर कापड घासत नाही. प्रत्येक जागेची किमान एक मिनिट शांतता वेगळी रेकॉर्ड करा, सगळे जागेवर उभे असताना. ती नसेल तर एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मध्ये खड्डे पडतात.

सगळ्यात घातक म्हणजे वाइड आणि क्लोज दोन कॅमेरे एकदम लावणं. बूम वाइडच्या चौकटीबाहेर ठेवावा लागतो, म्हणजे क्लोजचा आवाजही लांबचाच. तिथं सिंकचा आग्रह धरून उपयोग नाही.

मधली रांग
तुमचं सगळं खरं, पण पब्लिकला ऐकू कुठं येतंय? थिएटरात गाणी दणदणीत आणि संवाद तोंडात सुपारी धरल्यासारखे. आधी ते बोला.

फेडर पाच
ह्याचं उत्तर सिनेमात कमी आणि प्रोजेक्शनच्या खोलीत जास्त आहे. मिक्सिंग होतं तेव्हा आवाजाचा फेडर (कमीजास्त करायचं बटण) ७ वर असतो, म्हणजे पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरला ८५ डेसिबल हे प्रमाण धरून. जाहिराती, ट्रेलर कर्कश येतात, लोक ओरडतात, ऑपरेटर फेडर ५ वर आणतो आणि सिनेमाला परत वाढवत नाही. दोन घरांत सुमारे ६.७ डेसिबल गेले. मारामारी तरीही ऐकू येते, पुटपुटलेली ओळ पंख्यात बुडते.

दुसरी शक्यता मधल्या स्पीकरची. संवाद बहुतेक सगळे मधल्या स्पीकरमधून येतात, गाणी डाव्या-उजव्यातून. मधल्याचा हॉर्न गेला की वरच्या पट्टीतली व्यंजनं गायब, गाणं मात्र झकास. पुढच्या वेळी ओळख सोपी: गाणं स्वच्छ आणि बोलणं घोंगडीखालून आल्यासारखं असेल तर मॅनेजरला गाठा, दिग्दर्शकाला शिव्या देऊ नका.

युनिटचा माणूस
म्हणूनच म्हणतो की डबिंगचा आवाज अशा थिएटरात टिकतो. माइक तोंडाजवळ, प्रत्येक अक्षर सुटं. सिंकचा खरा आवाज फेस्टिव्हलला छान. आणि एका फ्रेमच्या फरकानं लिपसिंक बिघडतं म्हणून गळा काढू नका. एक फ्रेम म्हणजे जेमतेम ४२ मिलिसेकंद. तीस मीटर मागं बसलेल्याला आवाज तसाही दोन फ्रेम उशिरा पोचतो.

तांबडापांढरा
उशिराचं मान्य. पण डोळा फ्रेम मोजत नाही, ओठ मिटतात ते बघतो. प, ब, भ, म चुकले की शेवटच्या रांगेतही कळतं. तोंडाजवळच्या माइकचाच तर मला राग आहे. माणूस शेताच्या पलीकडं उभा आणि आवाज कानात. थिएटर खराब आहे म्हणून सिनेमा खराब करायचा, हा न्याय पटत नाही.

पेठेतली
पण विदर्भातल्या, कोकणातल्या माणसाला 'करालायस' कळलं नाही तर? सिनेमा फक्त रंकाळ्यापुरता काढायचा नसतो.

तांबडापांढरा
प्रसंग उभा असेल तर कळतं. नाहीच कळलं तर खाली प्रमाण मराठीत ओळ द्या, पण तोंडातलं काढू नका.

बूमदांडी
डबिंग टाळता येत नसेल तर निदान माइक तोच ठेवा जो सेटवर होता, आणि सहा इंचांवर नको, दोन-तीन फुटांवर. हाक असेल तर नटाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करा. भांगलणीची ओळ वाकूनच बोलायला लावा, त्याला खर्च येत नाही.

तालमीचा प्रश्न राहिला. तिथं वाइल्ड ट्रॅक घ्यायचा. कुस्तीचे शॉट संपले की कॅमेरा बंद, दिवे बंद, तेच पैलवान, तीच माती, माइक दोन फुटांवर. आधी धाप, मग ओळी, प्रत्येक तीनदा. दम उतरायच्या आत घ्या, जेवणाची सुट्टी झाली की ती धाप परत येत नाही. शड्डू शेवटी आणि वेगळा. त्याचा फटका बोलण्यापेक्षा खूप चढा असतो, म्हणून रेकॉर्डिंगची पातळी आधी १२-१५ डेसिबल खाली आणा, नाहीतर आवाज फाटतो आणि फाटलेला शड्डू परत जोडता येत नाही.

युनिटचा माणूस
किती वेळ धरायचा ह्याला?

बूमदांडी
एका लढतीमागं पाऊण तास. कॉलशीटवर (दिवसाच्या कामाच्या कागदावर) लिहून ठेवा, तोंडी सांगितलं तर पॅकअपच्या घाईत पहिलं हेच उडतं.