शब्दचर्चा: 'पेन मॉड्युलेशन'ला मराठीत काय म्हणायचं? (दुखणं, वेदना, कळ, ठणका वगैरे)

नमस्कार मंडळी,

गेले आठ दिवस एका शब्दापाशी अडकून बसलेय, म्हणून इथे विचारते. बरेच महिने ज्यांचं दुखणं थांबत नाही अशा लोकांसाठी साध्या मराठीत एक माहितीपत्रक लिहितेय आणि त्यात हॉवर्ड फील्ड्स या न्यूरोसायंटिस्टचं काम समजावून सांगायचंय. त्यांचा सगळा विषयच हा, की मज्जासंस्था स्वतःच वेदना कमीजास्त कशी करते. इंग्रजीत याला 'पेन मॉड्युलेशन' म्हणतात. मराठीत 'वेदनाशमन', 'वेदना-नियंत्रण', 'वेदना-नियमन' असे तीन शब्द सुचले, पण तिन्ही लिहून खोडले.

का खोडले ते सांगते. आपल्याला शाळेत शिकवलेली वाट एकाच दिशेची असते: बोटाला चटका, तिथून नस, मग मज्जारज्जू, मग मेंदू, की दुखलं. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या १६६४ साली छापलेल्या पुस्तकात हेच आहे, दोरी खाली ओढली की वर घंटा वाजते तसं. पण वरून खाली येणारी पण एक वाट आहे. १९६९ मध्ये रेनल्ड्स या संशोधकाने उंदरांच्या मध्यमेंदूतल्या एका ठराविक करड्या भागाला बारीक विजेचा प्रवाह दिला आणि भूल न देता पोटाची शस्त्रक्रिया केली, उंदीर जागे होते आणि दुखतंय अशी काही लक्षणं नव्हती. पुढे फील्ड्स, बासबाम आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी हा भाग मज्जारज्जूपर्यंत कसा पोचतो ते शोधलं. मधे लंबमज्जेत, म्हणजे मेंदू मज्जारज्जूला जोडला जातो त्या खालच्या भागात, एक थांबा आहे आणि तिथे दोन प्रकारच्या पेशी सापडल्या, वेदना वाढवणाऱ्या 'ऑन-सेल' आणि दाबणाऱ्या 'ऑफ-सेल'. उंदराच्या शेपटीला उष्णता दिली की शेपूट झटकायच्या अगदी आधी ऑफ-सेल गप्प होतात आणि ऑन-सेल पेटून उठतात. मॉर्फिन दिलं की उलटं, ऑन-सेल गप्प आणि ऑफ-सेल चालू राहतात. म्हणजे एकाच ठिकाणाहून वेदना दाबलीही जाते आणि वाढवलीही जाते.

आता मला सांगा, जे वाढवतं पण त्याला 'शमन' कसं म्हणू? 'नियंत्रण' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं आपण ठरवलं की थांबेल, आणि नाही थांबलं तर आपलीच चूक. 'नियमन' त्यातल्या त्यात बरा, पण तो वाहतुकीचा शब्द वाटतो. तुम्ही काय म्हणाल?

प्रतिसाद

ताई, 'नियमन' घ्या आणि पुढे चला असं म्हणणार होतो, पण तुमचं 'वाढवतं पण' हे वाचून थांबलो. माझ्या मते नाम शोधायच्या मागे लागूच नका. मराठी क्रियापदावर चालते. 'मज्जासंस्था वेदना कमीजास्त करते' यात काय कमी आहे? 'वेदनेचा चढउतार' हवं तर मथळ्याला घ्या. आपल्याकडे इंग्रजी नाम दिसलं की संस्कृत नाम पाडायचंच अशी सवय लागलीये, आणि मग वाक्य वाचताना धाप लागते.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज हेच शब्द ऐकते, म्हणून जरा लांबण लावते.

पेशंट 'वेदना' म्हणतच नाहीत हो. कंबरेत 'चमक' निघते, पाठीत 'उसण' भरते, गळू 'ठसठसतं', पोटात 'कळ' येते, चालून चालून पायाला 'रग' लागते, खरचटलेल्यावर पाणी पडलं की 'चुरचुरतं', नस दबली की 'मुंग्या' येतात. मेल्झॅक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये वेदनेची एक प्रश्नावली केली, त्यात ७८ शब्द २० गटांत लावलेत आणि पेशंटने त्यातून निवडायचे. का, तर माणूस कुठला शब्द उचलतो त्यावरून दुखणं कुठल्या जातीचं आहे याचा अंदाज येतो. जळजळ, भगभग, करंट लागल्यासारखं असं कोणी म्हटलं की मी आधी नसेचा विचार करते, नुसतं 'अवघडलंय' म्हटलं की स्नायूचा. हे शब्द एकास एक भाषांतर करून मिळत नाहीत, ज्याच्या त्याच्या भाषेतच ऐकावे लागतात.

एक गंमतीची नाही, कामाची गोष्ट: पायाचं बोट दाराला आपटतं तेव्हा नीट लक्ष द्या. आधी एकदम 'सणक' जाते, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग 'ठणका' सुरू होतो. ही दोन वेगळी दुखणी आहेत, दोन वेगळ्या तंतूंची. सणक आणणारे ए-डेल्टा तंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने निरोप नेतात, ठणक्याचे सी-तंतू जेमतेम अर्धा ते दोन मीटर. पायाच्या बोटापासून मज्जारज्जू मीटरभर लांब, म्हणून मधली ती फट. मराठीने दोघांना दोन शब्द आधीच देऊन ठेवलेत, मला हे फार आवडतं.

आणि आपटल्यावर आपण काय करतो, हात नेऊन चोळतो. ते उगीच नाही. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये 'गेट कंट्रोल' मांडलं: मज्जारज्जूत एक दार आहे, स्पर्शाचे जाड तंतू जागे झाले की ते दार थोडं लोटलं जातं आणि ठणक्याचा निरोप कमी पोचतो. त्यातले सगळे बारकावे पुढे जसेच्या तसे टिकले नाहीत पण मज्जारज्जूतच निरोप अडवता येतो हे टिकलं. तुमच्या पत्रकात हे 'दार'च ठेवा ताई, 'द्वार-नियंत्रण सिद्धांत' नको.

आता तक्रार. माझ्याकडे एक बाई यायच्या, कंबरदुखी तीन वर्षांची, एमआरआयमध्ये फार काही नाही. त्यांना आधी कुणीतरी सांगितलेलं 'दुखणं तुमच्या मेंदूत आहे'. सांगणाऱ्याला शास्त्र सांगायचं होतं, बाईंनी ऐकलं 'तुम्ही नाटक करताय'. घरीही तेच झालं, नवरा म्हणायला लागला मनावर घेऊ नकोस. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा दुखतंय हे सांगायलाच घाबरत होत्या. एका वाक्याने हे झालं. म्हणून शब्द कुठलाही निवडा, पण 'डोक्यात', 'मनात', 'मेंदूत आहे' हे लिहू नका. मी म्हणते, 'तुमच्या नसा आणि मेंदू मिळून हे दुखणं वाढवून ठेवतायत, आणि ते खरंखुरं दुखतंय'.

प्रतिसाद

वरच्या ताईंच्या मुद्द्याला शब्दाच्या बाजूने जोड देतो.

'वेदना' हा शब्द 'विद्' धातूपासून, म्हणजे जाणणे. मूळ अर्थ जाणवणं. पालीतल्या बौद्ध ग्रंथांत वेदना तीन: सुखद, दुःखद आणि ना सुखद ना दुःखद. म्हणजे सुखाचीही वेदनाच. मराठीत येईपर्यंत ती फक्त दुःखाची उरली, पण 'संवेदना'मध्ये जुना अर्थ अजून शाबूत आहे. आता बघा, जागतिक वेदना-अभ्यास संघटनेची व्याख्या (१९७९ची, २०२० मध्ये सुधारलेली) हेच म्हणते, की वेदना हा एक अप्रिय अनुभव आहे, शरीराचाही आणि भावनेचाही. आणि सोबत स्पष्ट लिहिलंय की नसांनी पाठवलेला इजेचा निरोप वेगळा आणि वेदना वेगळी, आणि माणूस दुखतंय म्हणाला तर त्याचा मान राखायचा.

त्या निरोपाला इंग्रजीत 'नोसिसेप्शन' म्हणतात, शेरिंग्टन या शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवलेला शब्द, लॅटिनमधल्या 'इजा करणे' या क्रियापदावरून. मराठीत 'अपायबोध' असं काहीतरी करता येईल पण त्यात 'बोध' आला की पुन्हा जाणणं आलं, आणि भेद तिथेच पुसला. मी 'इजेची वर्दी' म्हणेन. वर्दी नसा देतात, वेदना माणसाला होते. वर्दी पोचूनही वेदना होणार नाही असं घडू शकतं. दुसऱ्या महायुद्धात बीचर या डॉक्टरने मोठ्या जखमा झालेल्या सैनिकांना विचारलं, तर जवळजवळ चारातले तिघे वेदनाशामक नको म्हणाले, आणि ते बेशुद्ध किंवा गुंगीत नव्हते.

अजून एक. 'पाय दुखतो' म्हणताना दुखायचं काम पाय करतो, तोच कर्ता. 'मला वेदना होतात' म्हणताना ती मला होते. एकच भाषा दोन्ही सोयी देते. पत्रकात सुरुवात पहिल्या वाक्याने करा आणि हळूहळू दुसऱ्याकडे न्या.

प्रतिसाद

मी शास्त्राचा माणूस नाही पण हा धागा वाचून राहवलं नाही. माझ्या वडिलांना नागीण झाली होती. पुरळ गेलं, खपल्या पडल्या, कातडी दिसायला चांगली, पण बनियन अंगाला लागला की ते कळवळायचे. पंख्याचा वारासुद्धा नको व्हायचा. आम्ही सगळे विचारायचो, बाबा, कापडानं कसं दुखेल? ते म्हणायचे, 'हुळहुळतंय रे'. त्यांच्या तोंडचा तो शब्द मला तेव्हा साधा वाटला. याला काही नाव आहे का? आणि हेही ते वाढवणंच का?

प्रतिसाद (धागा मीच काढलाय)

दादा, आधी तुमच्याच प्रश्नाला उत्तर, कारण तुम्ही मला हवा तो शब्द दिलात. साध्या स्पर्शाने दुखणं याला 'अ‍ॅलोडायनिया' म्हणतात. तुमच्या वडिलांचा 'हुळहुळणं' मी पत्रकात घेतेय, याच्याइतका नेमका दुसरा नाही. ज्याने एरवीही दुखतं त्याने जास्तच दुखणं हे वेगळं, त्याला 'हायपरअल्जेसिया'. नागिणीत नसेलाच इजा झालेली असते, ती स्वतःहूनच वर्दी देत राहते, आणि त्यात मज्जारज्जूतल्या पेशीही हळव्या होऊन बसतात. हे दुसरं क्लिफर्ड वुल्फ या संशोधकाने १९८३ मध्ये दाखवलं, की इजेनंतर मज्जारज्जूच बदलतो आणि मग स्पर्शाचा निरोपसुद्धा वेदना होऊन वर जातो. म्हणजे हो, वाढवणंच. तुमचे बाबा अगदी खरं सांगत होते.

आता 'मेंदूत आहे' बद्दल. माझ्या मसुद्यात हे वाक्य जसंच्या तसं होतं. काढलं. त्याच परिच्छेदात प्लासिबोला, म्हणजे औषध म्हणून दिलेल्या पण आत औषधच नसलेल्या गोळीला किंवा इंजेक्शनला, मी 'भ्रामक औषध' लिहिलं होतं, तेही काढलं, कारण फील्ड्स यांच्याच टीमने १९७८ मध्ये काय दाखवलं बघा: अक्कलदाढ काढलेल्या लोकांना प्लासिबो दिल्यावर ज्यांना आराम पडला त्यांना नंतर नॅलोक्झोन दिलं, म्हणजे मॉर्फिनसारख्या औषधांचा परिणाम अडवणारं औषध, तर त्यांचं दुखणं वाढलं. याचा अर्थ आराम पडत होता तो शरीराने स्वतः तयार केलेल्या अफूसारख्या रसायनांमुळे. ती रसायनं ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांना अ‍ॅबर्डीनमध्ये १९७५ मध्ये सापडली होती. त्यात औषध नव्हतं पण आराम खरा होता. त्याला 'भ्रामक' म्हणणं म्हणजे त्या बाईंना जे ऐकवलं गेलं तेच परत ऐकवणं.

मूळ शब्दाचं सांगते. मधे मला 'आच' सुचला होता, आच वाढवणं, आच मंद करणं, पण ज्याचं ठणकतं त्याला तो जळजळीचा शब्द वाटेल. मग कंदिलाची वात आठवली. वात वर करतो, बारीक करतो, दिवा तोच, तेल तेच. आणि वात वर-खाली करणारी कळ, म्हणजे चावी, तिचं नावही 'कळ' हे लिहिताना लक्षात आलं. पोटातली कळ ती वेगळी, आणि 'जरा कळ काढ' मधली म्हणजे सोसून थांबणं ती त्या दुखण्यातूनच आलेली वाटते. तिन्ही एका पत्रकात आले तर गोंधळ होईल म्हणून कळ फक्त पोटातलीच ठेवतेय.

मथळा 'वेदनेचा चढउतार' केलाय. 'वेदना-नियमन' एकदाच, कंसात, ज्यांना पुढे वाचायचंय त्यांच्यासाठी. आणि पहिला परिच्छेद आता असा आहे, चुकत असेल तर सांगा:

'तुमचा पाय दुखतो. पायातून इजेची वर्दी मज्जारज्जूकडे जाते. तिथे आणि मेंदूत ती वर्दी कधी अडवली जाते, कधी वाढवली जाते, कंदिलाची वात बारीक-मोठी करावी तशी. काही वेळा जखम भरते पण वात मोठीच राहते. तेव्हा जे दुखतं ते तितकंच खरं असतं.'

प्रतिसाद

'वर्दी मज्जारज्जूकडे जाते' ऐवजी 'वर्दी दिली जाते' करा ताई, वर्दी देतात. बाकी माझ्या पेशंटना आत्ताच वाचून दाखवेन असं झालंय. छापलं की मला दहा प्रती द्या.