मदत हवी आहे: मुलीची चाई (चट्ट्याचट्ट्यानं केस गळणं), गोळ्या सुरू कराव्यात का?

मुलगी १४ वर्षांची, कानामागं रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा होता, आता डोकंभर पसरलंय आणि एक भुवईपण विरळ झालीय. चट्ट्यात स्टेरॉईडची इंजेक्शनं दर ४-६ आठवड्यांनी घेतोय, तिथं बारीक पांढरी लव आलीय पण नवे चट्टे थांबेनात. आता गोळ्यांचं चाललंय, बॅरिसिटिनिबला अमेरिकेत २०२२ ला मोठ्यांसाठी आणि रिटलेसिटिनिबला २०२३ ला १२ वर्षांपुढं मंजुरी मिळालीय, तीपण केस खूप गेले असतील तरच. एवढ्या लहान वयात कुणी दिलीय का, बंद केल्यावर परत गळतात का? सासूबाई गुंज उगाळून लाव म्हणतात, पण ती विषारी असते, मी लावणार नाही. पोरगी क्लासला जायला नको म्हणतीय, लई जीव तुटतो. कोल्हापूर-सांगलीकडं चाईचं नीट बघणारे स्किनचे डॉक्टर माहीत असतील तर प्लीज सांगा.